पाण्याच्या वाटेने

भुयाराची गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. तुमच्या गावी एखादा जुना वाडा असेल, पडकी गढी असेल, निदान काळ्या दगडांचे एखादे देऊळ तरी असेल. आणि तेथून निघालेले भुयार थेट डोंगरावरच्या किल्ल्यात जाते, असे कोणा वडीलधाऱ्याने तुम्हांला सांगितलेही असेल. त्या भुयारातून म्हणे घोडेस्वार दौडत जाई. आत कोणी जाऊन आले आहे काय, असे विचारावे तर उत्तर ठरलेले: एक मेंढपाळ हरवलेली मेंढी शोधीत आत गेला, तो काही परत आला नाही.

माझ्या लहानपणी आमच्याही गावी असे एक भुयार होते. दगडी चौकट, आत दाट काळोख आणि तोंडाशीच वटवाघळांचा उग्र दर्प. आम्ही मुले दहा पावले आत जाऊन धावत बाहेर येत असू आणि शाळेत मात्र पन्नास पावलांची बढाई मारीत असू. अशा बढायांची खोड वयाबरोबर जाते, असा आपला समज असतो. माझी ती गेलेली नव्हती. ती कशी आणि कोठे गेली, हेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी जयपूरला येऊन स्थिरावलो आणि पाहतो तो येथल्या भुयारांच्या कथा आमच्याकडच्याहून कांकणभर सरसच! आमेरच्या महालातून जयगडला, जयगडावरून नाहरगडला, नाहरगडावरून शहरातल्या राजवाड्याला, अशी लोकांच्या बोलण्यात सगळी टेकडी पोखरलेली आहे. आमेर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहाच्या वेळी शिवाजी महाराजांसमोर बसलेले मिर्झा राजे जयसिंग याच आमेरचे. त्यांच्याच वंशातील सवाई जयसिंगांनी १७२७ साली जयपूर शहर वसविले, आणि आमेरच्या माथ्यावर, ‘चील का टीला’ नावाच्या टेकडीवर, त्याच सुमारास जयगड आजच्या रूपात उभा राहिला.

जयगडाशी भुयाराबरोबर खजिन्याचीही कथा जोडलेली आहे. राजा मानसिंगाने काबूलच्या मोहिमेतून आणलेली अपार दौलत गडावर दडविली आहे, अशी ती आख्यायिका. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, सरकारने गडावर खरोखरच शोध घेतला. कित्येक महिने खणाखणी चालली. खजिना काही हाती लागला नाही, असेच पुढे जाहीर झाले. तरीही गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला हा विषय काढून पाहा. तो डोळे मिचकावून हसतो आणि गप्प बसतो.

दर रविवारी सकाळी या टेकड्यांवर भटकणारे आम्ही तिघे मित्र. एक गणिताचे शिक्षक; त्यांना सारे मास्टरसाब म्हणतात. दुसरे डॉक्टर. आणि तिसरा मी. माझा मुलगा सोळा वर्षांचा झाला तेव्हापासून तोही आमच्याबरोबर येऊ लागला. आदल्याच वर्षी, म्हणजे २०१८ च्या जून-जुलैत, थायलंडमधल्या गुहेत अडकलेल्या मुलांची बातमी त्याने दिवसरात्र ऐकली होती, आणि गुहा, भुयारे, जमिनीखालच्या नद्या यांचे त्याला वेडच लागले होते. मेघालयात कितीतरी किलोमीटर लांबीच्या गुहा आहेत, आपण तेथे केव्हा जायचे, असे तो मला सारखे विचारी. मेघालय दूर होते. जयगड घराजवळ होता.

आमेर ते जयगड हा भुयारी मार्ग २०११ साली लोकांसाठी खुला करण्यात आला. लांबी सुमारे सव्वातीनशे मीटर. मोठ्या उत्सुकतेने आम्ही त्यातून गेलो. वाट चांगली बांधलेली, पुरेशी रुंद, दिव्यांची सोय असलेली. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, “बाबा, हे तर आपल्या मेट्रोच्या स्टेशनासारखे आहे!” त्याची निराशा मला कळली, खरे सांगायचे तर माझीही तीच अवस्था होती. मास्टरसाबांना मात्र भुयारापेक्षा गडावरच्या पाण्याच्या टाक्यांनीच अधिक मोहून टाकले.

ती टाकी पाहण्यासारखीच आहेत. जयपूरला वर्षाकाठी सुमारे साठ सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा पावसाळ्याच्या तीन महिन्यांत. महाबळेश्वरला पाच मीटरांहून अधिक पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती तुटपुंजा आहे ते कळेल. त्यातून गड उंच टेकडीवर. नदी नाही, झरा नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी आसपासच्या डोंगरउतारांवरचे पाणी सुमारे चार किलोमीटर लांबीच्या पाटांनी गडाकडे वळविले. वाटेत ठिकठिकाणी हौद ठेवले. गडात जमिनीखाली तीन टाकी आहेत; त्यांतल्या सर्वांत मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन पाणी मावते, असे सांगतात. झाकलेल्या टाक्यातले पाणी उन्हाने आटत नाही आणि त्यात कचराही पडत नाही. खजिना शोधणाऱ्यांनी काय शोधले असेल ते असो. गडाचा खरा खजिना त्या टाक्यांत उघड्या डोळ्यांना दिसत होता.

जमिनीखालून पाणी नेण्याची ही विद्या आपल्यालाही नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी पोढींत उतरविले. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भूमिगत नहरीने पाणी आणले. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ सालचा. तेथे शंभराहून अधिक विहिरी जमिनीखालच्या एकाच बोगद्याने जोडलेल्या आहेत. मुद्दा एवढाच की, आपल्या देशातली बरीचशी खरी भुयारे ही घोडेस्वारांसाठी नव्हती, पाण्यासाठी होती. हे मला तेव्हा पुस्तकातून ठाऊक होते. अंगाला समजायचे होते.

त्याच उन्हाळ्यात, २०१९ साली, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आम्हांला बोलावले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे जुने बागेतले घर. अंगणाखाली एक टाके. डोंगरावरचे पाणी भुयारी पाटाने त्यात येई. पण काही वर्षांपासून कितीही पाऊस पडला तरी टाके भरेना. पाट कोठेतरी तुंबला होता. तो साफ करण्यासाठी त्यांनी एका वृद्ध गवंड्याला विचारले होते. इकडे गवंड्याला चेजारा म्हणतात. हा चेजारा सत्तरी ओलांडलेला, बोटे चुन्याने खाल्लेली, आणि बोलणे मोजके.

त्याने काडीने मातीवर आकृती काढून आम्हांला पाटाची रचना समजाविली. डोंगराकडून पाणी अरुंद नळीतून येते. मग नळी संपते आणि एक रुंद हौद लागतो. तेथे पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तळाशी बसतो. वरचे स्वच्छ पाणी पलीकडच्या काठावरून पुढच्या नळीत उतरते आणि टाक्यात येते. “बाबूजी, पाण्याला नुसते पळू दिले तर ते गाळ घेऊनच घरात येते,” तो म्हणाला, “त्याला मध्ये बसायला जागा द्यावी लागते. बसले की निवळते.”

मग त्याने त्याचा बेत सांगितला. आता जूनचा शेवट. आभाळ केव्हा येईल सांगता येत नाही. पाणी येण्याच्या दिवसांत पाण्याच्या वाटेत माणसाने शिरू नये. दिवाळीनंतर वरून ठिकठिकाणी खणून फरश्या उचलू, तुंबलेली जागा शोधू आणि साफ करू.

बेत शहाणपणाचा होता. पण तो ऐकत असताना माझे लक्ष टाक्याच्या भिंतीतल्या त्या काळ्या चौकोनाकडे लागले होते. दोन हात उंच, दीड हात रुंद. आत थंड हवेची झुळूक जाणवत होती. मुलाचेही डोळे तिकडेच होते. मी म्हणालो, “निदान कोठे तुंबले आहे ते तरी आतून पाहून येऊ. तेवढेच खणणे वाचेल.” कारण सोयीचे होते. खरे कारण ते नव्हते. दहा पावलांची पन्नास करून सांगणारा तो शाळकरी पोर माझ्या आत जागा झाला होता. आणि या वेळी मुलासमोर धीट दिसण्याचीही हौस होती.

चेजारा काही बोलला नाही. त्याने आभाळाकडे पाहिले आणि तो आपली काडी उचलून निघून गेला.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. तयारी केली नव्हती असे नाही. प्रत्येकाजवळ दोन विजेऱ्या होत्या. डॉक्टर टाक्याच्या पायऱ्यांवर थांबायचे. एक लांब दोर मुलाच्या कमरेला बांधून, माझ्या आणि मास्टरसाबांच्या हातांतून त्यांच्यापर्यंत नेला. तीन झटके म्हणजे मागे फिरा. डॉक्टरांनी एक दिवा काठीला बांधून आधी आत धरला. जुन्या विहिरीत उतरताना हे करतात, ते तुम्ही पाहिले असेल. ज्योत मंदावली तर आत प्राणवायू कमी आहे असे समजावे. परंतु ज्योत नीट जळली म्हणून हवा निर्विष आहे असे मात्र मुळीच समजू नये. विषारी वायू दिव्याला न कळता माणसाला मारतात. गटारांत आणि विहिरींत दरवर्षी माणसे जातात ती त्यामुळेच. आमच्या पाटाची दोन्ही तोंडे उघडी होती आणि हवा खेळती होती, एवढेच आमचे भाग्य. आभाळात ढग होते. “वळवाचे आहेत, दुपारपर्यंत पांगतील,” असे मीच म्हणालो.

मुलगा अंगाने लहान म्हणून पुढे, मी मध्ये, मास्टरसाब मागे. शिरताक्षणी पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. बाहेरचे जग एकदम बंद झाले आणि आपलाच श्वास कानांत मोठा ऐकू येऊ लागला. चार दिवसांपूर्वी पडलेल्या सरीचे पाणी तळाशी साचले होते. त्याखाली बोटभर मऊ गाळ. हात टेकले की मनगटापर्यंत थंड चिखल वर येई. गुडघ्यांवर रांगताही येईना. कोपरांवर पुढे सरकावे लागले. माथ्यावरच्या दगडी फरशीवरून थेंब मानेवर पडत होते. भिंतींचा चुना अजून इतका गुळगुळीत होता की, त्यावर विजेरीचा प्रकाश चकाकत होता. कोणा अनामिक कारागिराने कोणालाही दिसणार नाही अशा जागी एवढी नितळ घोटाई का केली असेल? पाण्याला अडखळू नये म्हणून. त्या स्थितीतही मला त्याचे कौतुक वाटले.

पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही त्या गाळ बसण्याच्या हौदात पोहोचलो. तेथे तिघांना पाठ सरळ करून बसता आले. मुलाचा चेहरा चिखलाने माखलेला आणि आनंदाने फुललेला. पलीकडे दुसरी नळी सुरू होत होती. ती पहिलीपेक्षा अरुंद होती, आणि तिच्या तोंडातून झाडाची केसांसारखी मुळे लोंबत होती.

मास्टरसाब जरा वेळ शांत बसले. मग म्हणाले, “भाईसाहेब, माझे ऐकाल तर येथूनच मागे फिरू. मला भीती वाटते आहे.”

वाचकहो, एवढ्या साध्या शब्दांत आपली भीती कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. मी काय करायला हवे होते ते आज मला पक्के ठाऊक आहे. तेव्हा मी हसलो. “गणितात भीतीचे सूत्र आहे का हो, मास्टरसाब? तुम्ही बसा येथे, आम्ही बापलेक दहा मिनिटांत येतो.” मुलगाही हसला. माझ्या हसण्याकडे पाहून हसला, हे मला नंतर उमगले. मास्टरसाबांनी वाद घातला नाही. पण ते बसूनही राहिले नाहीत. दोर हातात धरून माझ्या पावलांमागे आले.

दुसऱ्या नळीत आठ-दहा हात गेल्यावर डावीकडची भिंत आत फुगून आलेली होती. मुलगा कुशीवर वळून सापासारखा पलीकडे निघून गेला. “बाबा, पुढे मोठा दगड पडला आहे, मुळांनी सगळे तुंबले आहे!” त्याचा आवाज आला. मी त्याच्यामागे शिरलो. डोके गेले, एक खांदा गेला, आणि छातीशी मी अडकलो.

अडकणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगणे अवघड आहे. दुखत काहीच नाही. फक्त पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. मन म्हणते, जोराने रेट. आणि रेटण्यासाठी माणूस खोल श्वास घेतो, त्याने छाती फुगते आणि पाचर अधिकच घट्ट बसते. मी तेच केले. एकदा, दोनदा, तीनदा. माझी विजेरी हातातून निसटून चिखलात विझली.

त्याच वेळी दोराला तीन झटके बसले. थोड्याच वेळाने पुन्हा तीन. डॉक्टर बाहेरून ओरडत असावेत. शब्द कळत नव्हते.

आणि मग माझ्या हनुवटीला पाणी लागले. आधी बोटभर धार, मग पंजाएवढी. वर डोंगरावर सर कोसळली होती. पाणी पुढून, मुलाच्या बाजूने, येत होते. ते ज्या वाटेने जायचे त्या वाटेत बाटलीच्या बुचासारखा मी बसलो होतो. माझ्या अंगाने पाणी अडत होते आणि पलीकडे, जेथे माझा मुलगा होता, तेथे चढत होते. त्याची एकमेव वाट मीच बंद केली होती.

“बाबा,” तो म्हणाला, “पाणी वाढते आहे.” आवाजात रडे नव्हते. ते असते तर बरे झाले असते.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात मास्टरसाबांनी माझे घोटे धरले. वर्गात फळ्याशी उभे राहून बोलावे तितक्या संथ आवाजात ते म्हणाले, “भाईसाहेब, हातपाय मारू नका. श्वास सोडा. आणखी सोडा. सगळा सोडा. मी पाचापर्यंत मोजतो; पाच म्हटले की तुम्ही काही करायचे नाही, मी ओढीन.” त्यांनी मोजायला सुरुवात केली. श्वास सोडणे, पाणी हनुवटीशी असताना, यासारखी कठीण गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. पाच म्हणताच त्यांनी ओढले. हललो नाही. “पुन्हा,” ते म्हणाले. आवाज तसाच. दुसऱ्या खेपेला सदरा फाटला, छातीची कातडी सोलली, आणि मी हातभर मागे आलो. अडलेले पाणी माझ्यावरून हौदाकडे धावले, आणि त्या पाण्याबरोबरच माझा मुलगा, पाय पुढे करून, माझ्या हातांत आला.

बाहेर कसे आलो हे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. पायऱ्यांवर डॉक्टर भिजून चिंब झाले होते. अंगणात पाऊस वाजत होता. सर जेमतेम अर्धा तास टिकली. पण त्या अर्ध्या तासात टाक्याच्या भिंतीतल्या चौकोनातून गढूळ पाण्याचा लोट पडत राहिला, आणि आम्ही चौघे न बोलता त्याच्याकडे पाहत राहिलो.

घरी काय सांगायचे, याचा विचार मी वाटेत करीत होतो. सौम्य कसे करता येईल याचा. ती वेळच आली नाही. मुलाने आईला सगळे सरळ सांगितले. ती माझ्या छातीवरच्या जखमेला औषध लावीत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न विचारला: “अहो, मास्टरसाब परत फिरू म्हणाले होते ना?” मी होय म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. माझ्या पंचवीस वर्षांच्या संसारात एवढे कठोर भाषण मी ऐकलेले नाही.

थायलंडच्या त्या गुहेची बातमी मी त्यानंतर पुन्हा नीट वाचली. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक, खेळ आटोपल्यावर, थोडा वेळ गंमत म्हणून गुहेत शिरले. बाहेर पाऊस आला. दहाव्या दिवशी, २ जुलैला, ती आत जिवंत असल्याचे कळले. ८ ते १० जुलैच्या दरम्यान त्यांना बाहेर काढले. देशोदेशींचे पाणबुडे धावून आले. आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे पंपांचे जाणकारही तेथे मदतीला गेले होते. थायलंडच्या नौदलातील एका माजी पाणबुड्याने त्या कार्यात प्राण दिले. सारे जग ज्याच्यासाठी श्वास रोखून बसले, त्याचा आरंभ ‘थोडा वेळ आत जाऊन येऊ’ एवढ्या वाक्याने झाला होता. ती मुले होती. मी तर पन्नाशीचा होतो, आणि मला मागे फिरा असे सांगणारा मित्र शेजारी बसलेला होता.

अशा साहसांना माझा विरोध आहे, असा अर्थ कृपा करून काढू नका. जमिनीच्या पोटातले जग सुंदर आहे, आणि तरुणांनी ते पाहिलेच पाहिजे. पण जाणकाराबरोबर, कोरड्या ऋतूत, बाहेर कोणाला तरी सांगून. आणि एक नियम सर्वांच्या आधी ठरवून: ज्या क्षणी एक जण मागे फिरू म्हणेल त्या क्षणी सगळ्यांनी फिरायचे, कारण विचारायचे नाही, आणि नंतर त्याला हसायचे नाही. अरुंद वाटेत सर्वांत भित्रा वाटणारा माणूसच पुष्कळदा सर्वांत जागा असतो.

दिवाळीनंतर चेजाऱ्याने त्याच्या बेताप्रमाणे काम केले. आम्ही तिघे आणि मुलगा दर रविवारी पाट्या वाहायला जात होतो. वरून फरश्या उचलल्यावर उघड्या आकाशाखाली ती जागा दिसली: फुगलेली भिंत, तिच्यावर माझ्या सदऱ्याची एक चिंधी, आणि तेथून दोन हातांवर पिंपळाच्या मुळाने उखडलेला दगड. आतून तो आम्हांला कधीच हलविता आला नसता. चेजाऱ्याने चिंधी काढून माझ्या हातात दिली. एक अक्षर बोलला नाही. भिंत पुन्हा बांधली, चुना घोटला, हौदातला कित्येक वर्षांचा गाळ काढला.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्या सरींचे पाणी टाक्यात घेतले नाही. डोंगर धुऊन ते बागेत सोडले. १४ ऑगस्ट २०२० रोजी जयपूरवर आभाळ फाटले. शहरातल्या रस्त्यांचे ओढे झाले, गाड्या चिखलात रुतल्या, पुष्कळांचे हाल झाले. पाण्याला वाट आणि बसायला जागा ठेवली नाही तर ते काय करते, हे साऱ्या शहराने पाहिले. टेकडीच्या पायथ्याचे ते टाके मात्र त्या पावसात काठोकाठ भरले.

आठवड्याने आम्ही गेलो. घरच्या आजींनी टाक्यातले पाणी उकळून, गार करून, पितळी पेल्यांतून आणले. मी मास्टरसाबांना म्हणालो, “त्या दिवशी मी तुम्हांला हसलो. ते एक वर्ष माझ्या छातीत अडकले आहे.” इतका उशीर का केला, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, नाही.

त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. “भाईसाहेब,” ते म्हणाले, “बसायला वेळ दिला की निवळते.” आणि ते पाणी पिऊन त्यांनी मुलाला विचारले, त्याची गणिताची परीक्षा कशी गेली.

तुमच्याही गावी एखादी बारव असेल, बुजलेले टाके असेल, वाड्यातली आटलेली विहीर असेल. तेथे खजिना आहे काय, हे विचारू नका. पाणी कोठून येत होते, ते विचारा. ज्याला ठाऊक असेल असा एखादा वृद्ध गवंडी अजून गावात असेल. त्याच्याकडे जा, मुलांना बरोबर न्या, आणि तो सांगेल तेवढा धीर धरा.